नाताळ, डीजे आणि तेरा-अठरातली पोरं: निपाणी भागातल्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण कर्नाटकातल्या निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका छोट्या मराठी मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या लोकांमधलं आहे. गावाचं नाव देत नाही, कुणाचंच नाव देत नाही, कारण मुलं अजून शिकतायत आणि आपला भाग लहान, एक खूण सांगितली की लगेच कुणाचं घर ते कळतं. मी शाळेत शिकवते आणि मंडळीत तरुण संघाचं बघते, मुलं मला अक्का म्हणतात. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, आणि मुलांना विचारून लिहितेय, ज्या मुलाबद्दल पुढे जास्त आलंय त्याने स्वतः वाचलंय, त्याला नको होतं ते काढलंय.

आधी माणसं कशी आहेत ते. पन्नास-साठ घरं असतील. थोडे नोकरीवाले, बरेच शेतमजुरीवाले, आणि पुष्कळ घरांत आई बिड्या वळते, तंबाखूचा भाग आहे हा. नाताळचे कपडे त्या बिड्यांच्याच पैशातून येतात, त्यामुळे कपड्यांची हौस म्हणजे उथळपणा असं मी कधीच म्हणणार नाही, आईने रात्री जागून घेतलेला शर्ट आहे तो. मुलं तीन तऱ्हेच्या शाळांत जातात, कुणी कन्नड माध्यम, कुणी मराठी, कुणी इंग्लिश मीडियम. घरात सगळे मराठीच बोलतात, पण मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाच म्हटलं की निम्मी मुलं अडखळतात आणि चारचौघांत अडखळायला लागू नये म्हणून वाचायलाच उभी राहत नाहीत. ही गोष्ट आमच्या मोठ्या माणसांच्या लक्षातच आली नव्हती, त्यांना वाटायचं पोरांना देवाच्या वचनाची आवड नाही.

वादाची सुरुवात आदल्या वर्षीच्या नाताळला झाली. २५ तारखेला सकाळची उपासना चालू होती आणि बाहेर संध्याकाळच्या डीजेची साउंड टेस्टिंग चालू होती, आत प्रार्थना आणि बाहेर धडधड, आणि मागच्या बाकावरची पोरं एकेक करून उठून बाहेर गेली. उपदेश संपेपर्यंत मागे फक्त चपला राहिल्या होत्या. रात्री डान्स, सांताक्लॉज, मग रील्स. पंच कमिटी भडकली. पुढच्या नाताळची बैठक झाली तेव्हा ठरावच आला की यंदा डीजे बंद, सांता बंद, तरुण संघाने गीतं म्हणायची आणि खुर्च्या लावायच्या. पोरं म्हणाली मग आम्ही येतच नाही. कॅरलचे, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गीतं म्हणतात त्याचे, ढोल-खंजिरी ज्यांच्याकडे असायचे त्यांनी ते आणून चर्चच्या व्हरांड्यात ठेवले आणि व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. पाळकसाहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, "तुम्ही बघा काय होतंय का, नाहीतर ही पोरं नाताळला नाहीत, चर्चलाच मुकतील."

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आताही हेच आहे की डीजेमुळे काही हरवलं नव्हतं. आधीच रिकामं होतं, तिथे डीजे येऊन बसला. आपण मुलांना येशूच्या जन्माची गोष्ट पाचव्या-सहाव्या वर्षी सांगतो, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बालवर्गात, मेंढरू आणि देवदूत आणि चांदणी, डोक्यावर टॉवेल बांधून मेंढपाळ करतो, आणि तिथेच थांबतो. तीच गोष्ट मुलगा दहावीला गेला तरी तशीच. गणित वाढलं, सायन्स वाढलं, नाताळ मात्र त्याच टॉवेलात राहिला. मग पंधरा वर्षांच्या मुलाला ती लहान पोरांची वाटली तर त्यात त्याची काय चूक. आणि मत्तय आणि लूक यांनी लिहिलेली मूळ गोष्ट काय लहान पोरांची आहे का? लग्नाआधी गरोदर राहिलेली मुलगी आहे, तिला गुपचूप सोडून द्यावं का या विचारात पडलेला होणारा नवरा आहे, सरकारी नोंदणीसाठी करावा लागलेला लांबचा प्रवास आहे, खुर्चीसाठी लेकरं मारणारा राजा आहे, रातोरात परमुलखात पळून जाणारं कुटुंब आहे.

ठराव थोडा थांबवा एवढं पंचांकडून मागून घेतलं. पाळकसाहेब मध्ये पडले म्हणून ते ऐकले.

मुलांना घरी बोलावलं, चर्चमध्ये नाही. भडंग केला होता, चहा केला. उपदेश अजिबात केला नाही, फक्त कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं नाव घालू नका, एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा, नाताळ नसता तर तुझं काय अडलं असतं? कुठल्याही भाषेत लिहा. कन्नडमध्ये आल्या, मराठीत आल्या, इंग्लिश अक्षरांतल्या मराठीत आल्या. नवीन कपडे मिळाले नसते. मुंबईचे कझिन आले नसते. एकाने लिहिलं पप्पा त्या दिवशी पीत नाहीत. एकाने लिहिलं काही अडलं नसतं. आणि एक चिठ्ठी होती ती मी जपून ठेवलीय, त्यात होतं की सगळे म्हणतात आनंद करा आनंद करा, येशू आला म्हणून माझ्या घरात काय बदललं ते कुणी सांगत नाही.

ही चिठ्ठी मी पुढे पंचांना वाचून दाखवली, कुणाची ते मलाही माहीत नव्हतं. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि डीजेच्या ठरावाचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

चिठ्ठ्यांनंतर मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते प्रश्न साधे नव्हते. अकरावीतल्या एकाने विचारलं, अक्का, २५ डिसेंबर खरी तारीख हाय का, यूट्यूबवर सांगत्यात त्यो सूर्यदेवाचा सण होता. आता इथे बरेच जण मुलाला गप्प बसवतात, असलं बघत जाऊ नको म्हणतात. मी जे आहे ते सांगितलं. शास्त्रात तारीख दिलेलीच नाही. २५ डिसेंबरला जन्मोत्सव पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ ची. ती तारीख का धरली याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत, एक म्हणजे रोमी लोकांच्या सूर्याच्या सणाच्या जागी धरली, दुसरं म्हणजे २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले. त्याला म्हटलं मंडळी त्या दिवशी तारीख साजरी करत नाही, देव माणूस होऊन आला हे साजरं करते, तारीख उद्या दुसरी निघाली तरी त्याला धक्का लागत नाही. मुलाला उत्तर पटलं का ते माहीत नाही, पण त्याच्या प्रश्नाला कुणी घाबरलं नाही हे त्याला दिसलं, आणि तो पुढच्या वेळी परत आला.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. आमच्याकडे तो नावालाच होता, चार मेणबत्त्या लावायच्या, आशा, शांती, आनंद, प्रेम म्हणायचं आणि पुढे जायचं. ठरवलं की याच चार आठवड्यांत गोष्ट परत वाचायची, पण मोठ्यांसारखी. आणि वाचून दाखवायची सक्ती कुणालाच नाही. एकजण मोबाईलवर ऑडिओ लावणार, सगळे ऐकणार, मग ज्याला जसं येईल तसं त्याने आपल्या बोलीत सांगायचं. कन्नड माध्यमातली एक मुलगी तिचं कन्नड सत्यवेद घेऊन यायची आणि मध्येच म्हणायची आमच्यात असं लिहिलंय, त्यावर चर्चा व्हायची. अडखळायचा प्रश्न तिथेच मिटला. जी मुलं वर्षानुवर्षं तोंड उघडत नव्हती ती गोष्ट सांगताना थांबवावी लागत होती.

मरियेचं गीत, लूकच्या पहिल्या अध्यायातलं, ते ऐकलं त्या दिवशी मजा आली. मुलींना मरिया म्हणजे निळी ओढणी घेऊन खाली बघणारी एवढंच माहीत. आणि इथे ती म्हणतेय देवाने अधिपतींना गादीवरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "ही असं बोलली? मग आमच्या नाटकात तिला एक पण डायलॉग का नसतो?" बरोबर आहे की! आमच्या नाटकात वर्षानुवर्षं मरिया नुसती बसूनच होती. त्यातच मी त्यांना सांगितलं की त्या काळात मुलींची लग्नं फार लहान वयात ठरायची, म्हणजे ती जवळपास तुमच्याच वयाची असू शकते. मग योसेफ, तिचा होणारा नवरा. कायद्याने तिला चारचौघांत बदनाम करता आलं असतं, तो गुपचूप सोडायचा विचार करत होता, आणि शेवटी त्याने ती बदनामी स्वतःच्या अंगावर घेतली. पोरं त्यावर जेवढी बोलली तेवढी मी त्यांना चर्चमध्ये कधी बोलताना ऐकली नव्हती. गावात अशी गोष्ट झाली तर काय होतं हे त्यांना चांगलं माहीत आहे.

नासरेथ ते बेथलेहेम चालत अंदाजे दीडशे किलोमीटर. निपाणीतून निघून हायवेने बेळगाव मागे टाकून पार धारवाडला जायचं, पायी, दिवस भरत आलेल्या बाईने. हे असं सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला तोडवाले, म्हणजे ऊसतोड मजूर, पण असंच येतात की. आणि तिथून नाटकाची कल्पना आली, त्याबद्दल पुढे सांगते, आधी मेंढपाळांचं सांगते कारण या सगळ्या प्रकरणाला वळण तिथे लागलं.

डिसेंबरात आमच्याकडे मोकळ्या झालेल्या रानांत धनगरांचे तळ पडतात. शेतकरी मेंढरं बसवून घेतो, रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हे आमची पोरं जन्मापासून बघतात, पण लूकमधले मेंढपाळ आणि हे धनगर यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण नाताळच्या कार्डावरचे मेंढपाळ गोरे असतात. एका तळावरच्या आबांना आधी जाऊन विचारलं की पोरांना तुमचं रात्रीचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय, आणू का, ते म्हणाले आणा की. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, आम्ही तिथे गीतं म्हणायला गेलो नाही, पत्रकं नेली नाहीत, धर्माचं काही सांगायला गेलो नाही. आपल्या भागात या गोष्टीचं वातावरण किती नाजूक आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते नसतं तरी शिकायला म्हणून जायचं आणि शिकवून यायचं हे मला योग्य वाटत नाही. शिकायला गेलो, चहापूड-साखर घेऊन गेलो, शिकून आलो.

आबांनी वाघर दाखवली, म्हणजे मेंढरांच्या भोवती लावतात ती जाळी. नवीन जन्मलेली कोकरं रात्री डालग्याखाली झाकून ठेवतात ते दाखवलं. लांडग्याची भीती, चोरांची भीती, म्हणून रात्री पाळी लावून जागायचं, कुत्री असली तरी माणूस लागतोच. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. मग एका मुलाने ठरवून आणलेला प्रश्न विचारला.

"आबा, मध्यरात्री आभाळात एकदम लख्ख उजेड पडला तर तुमी पयलं काय करशीला?"

"मेंढरं मोजीन. बुजून पळत्यात ती."

"आणि कोण म्हनालं की तिकडं गावात एक बाळ जन्मलंय, जाऊन बघून या, तर?"

आबा हसले. "मेंढरं टाकून? कुनाच्या भरवशावर? तळ सोडून न्हाई जात आमी. बापाची मयत असली तरी एकजण हितं ऱ्हातोय."

परत येताना पोरं हाच विषय बोलत होती. लूकमध्ये लिहिलंय ते मेंढपाळ घाईने निघाले. मेंढरांचं काय केलं ते लिहिलेलं नाही. आजवर आम्ही ते वाक्य हजार वेळा वाचलं असेल, पण त्या घाईत त्यांनी काय मागे टाकलं असेल हे आबांनी सांगेपर्यंत माझ्याही मनात आलं नव्हतं. जो दहावीतला पोरगा ग्रुप सोडून गेला होता आणि फक्त धनगराच्या तळावर जायचं म्हणून आला होता तो म्हणाला, "म्हंजे त्यांनी समदी कमाई तिथं सोडली रात्रीची, खरं हाय का खोटं हाय ते बी माहीत नसताना." विश्वास म्हणजे काय यावर मी कितीही बोलले असते तरी एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

आता सगळंच जमलं असं नाही. रोज एकाने एक वचन आपल्या शब्दांत स्टेटसला ठेवायचं ठरलं होतं, ते थोडे दिवस चाललं आणि मग सगळे तयार फोटो फॉरवर्ड करायला लागले, मी ते बंद केलं. तिसऱ्या रविवारी परीक्षा आणि दोन लग्नं, निम्मी पण मुलं नव्हती. काही पालकांनी उघड नाराजी दाखवली, अभ्यासाचे दिवस आहेत, हे काय रानात फिरवताय. एका आईने तर मुलीला पाठवणंच बंद केलं, ती मुलगी या वर्षी आलीच नाही, आणि तिच्या बाबतीत मला अजून काही करता आलेलं नाही.

सांताचं काय करायचं हा वेगळा मुद्दा होता. पंचांना तो नकोच होता, पोरांनी ड्रेस आधीच घेऊन ठेवलेला. मी त्यांना संत निकोलसचं सांगितलं. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आताच्या तुर्कस्तानात येतं ते, त्याचा स्मरणदिन ६ डिसेंबर. त्याच्याबद्दल आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुली, हुंडा द्यायला पैसा नाही, तर याने रात्री कुणाला न कळता खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. हुंड्याचं नाव काढल्यावर मुली सावरून बसल्या, आमच्याकडे तो काही इतिहास नाही. मग पोरांनीच ठरवलं की ड्रेस घालायचा पण रात्री, आणि ज्या घरांत यंदा ओढाताण आहे तिथे दारात धान्याची पिशवी ठेवून यायचं, दार वाजवायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुणाकडे ठेवलं ते ग्रुपवर पण लिहायचं नाही. फोटो नाही हा नियम त्यांनीच घातला. कोणत्या घरी गेले ते मलाही सांगितलं नाही.

नाटक. दहावीतल्या त्याच मुलीने लिहिलं, दोघींनी मदत केली. तिने योसेफ आणि मरियेला ऊसतोड मजूर केलं. बीडकडून, विजापूरकडून जोड्या येतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, बाई गरोदर असली तरी सुट्टी नाही, कोपीत, म्हणजे रानातल्या झोपडीत, बाळंतपणं होतात. हे मुलीने ऐकून लिहिलं नव्हतं, तिच्या घरामागच्या रानात दरवर्षी कोप्या पडतात. पंचांपैकी दोघांनी जोरदार हरकत घेतली, मरियेच्या हातात कोयता म्हणजे पवित्र शास्त्राचा अपमान आहे. मला त्यांची भीती समजत होती. त्यांना वाटत होतं गोष्ट पातळ होईल, उद्या कुणी काहीही करेल. मुलीने उभं राहून उत्तर दिलं, थरथरत दिलं पण दिलं. म्हणाली, बाळाला मंदिरात नेलं तेव्हा त्यांनी दोन पक्षी दिले, कोकरू परवडत नाही त्याने पक्षी द्यायचे असं नियमशास्त्रात आहे, म्हणजे ते गरीबच होते, मग गरीब बाई आपल्याकडे कशी दिसते ते मी दाखवलं. लूक दोन चोवीस आणि लेवीय बारा आठ, दोन्ही तिने काढून ठेवलेलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली. तडजोड झाली, कोयता मरियेच्या हातात न देता कोपीला टेकवून ठेवायचा, आणि देवदूताचे शब्द जसेच्या तसे शास्त्रातले ठेवायचे, त्यात बोली नको. मला ही तडजोड चांगली वाटली, मुलांनाही.

गोठा पण पोरांनीच केला. दिवाळीत गल्लीतल्या पोरांबरोबर किल्ला करणारीच ही मुलं, माती कशी थापायची, गवत कसं उगवायचं हे त्यांना सांगायला लागत नाही. अस्सीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवत भरलेली गव्हाणी मांडून नाताळ केला होता, तिथून गोठा मांडायची पद्धत पसरली, हे सांगितल्यावर त्यांनी प्लास्टिकचा सेट बाजूला ठेवला आणि एका घरातून वापरातली गव्हाण उचलून आणली. मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला आलेल्या ज्ञानी लोकांना, मात्र त्यांनी गोठ्यात ठेवलं नाही, चर्चच्या दारापाशी ठेवलं, कारण मत्तयात ते घरात आले असं लिहिलंय, आणि तीनच होते असंही कुठे लिहिलेलं नाही. ज्येष्ठांना ते दिसलं, त्यांनी विचारलं, पोरांनी शास्त्र उघडून दाखवलं. साठ-सत्तरीच्या माणसांना पंधरा वर्षांची मुलं वचन दाखवतायत हे मी पहिल्यांदा बघितलं.

आता त्या मुलाचं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, कॅरलचा ढोल तोच वाजवायचा, सगळ्यात छान. पावसाळ्यात त्याचे वडील वारले. घरात यंदा स्टार लावायचा नाही, नवीन कपडे नाहीत, वर्ष व्हायचंय. तो चिठ्ठ्यांच्या दिवशी आला नव्हता, धनगरांकडे आला नव्हता. मित्रांनी ओढून एकदा आणला तेव्हा नेमका मत्तयाचा दुसरा अध्याय होता, लेकरं मारणारा तो राजा हेरोद. मी हेरोदाचं इतिहासातलं सांगत होते, स्वतःच्या बायकोला आणि मुलांनाही त्याने मारवलं होतं, आणि मग बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं, आणि मग ते वचन, राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन करून घेत नाहीये. ऑडिओ संपला आणि तो म्हणाला, "हे नाताळच्या गोष्टीत हाय?"

म्हटलं, हाय, सुरुवातीपासून हाय.

"मग आपन वाचत का न्हाई हे? समदे मला येऊन सांगत्यात आनंद कर, पप्पा स्वर्गात हायेत, आनंद कर. ती बाई तर सांत्वन नको म्हनतीया आणि तिला देवाच्या पुस्तकात घेतलंय."

मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही, तिथे उत्तर देणं बरोबरही नव्हतं. बाकीची मुलं पण गप्प होती. नंतर त्याच्या मित्रांनी माझ्याकडे येऊन विचारलं की कॅरलला त्याच्या घरी जायचं का नाही, पद्धतीप्रमाणे दुःखाच्या घरी जात नाहीत. मी पाळकसाहेबांना विचारायला पाठवलं आणि त्याच्या आईला विचारायला पाठवलं. आई म्हणाली, या, पण वाजवू नका. तर पोरं ढोल न घेता गेली, आत बसली, यशयाचा नववा अध्याय वाचला, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला तो, आणि एकच गीत हळू आवाजात म्हटलं. त्याच्या आईने वळलेल्या बिड्यांचं सूप बाजूला सारून सगळ्यांना चहा दिला. आमच्या मंडळीत दुःखाच्या घरी कॅरल गेली ती ही पहिली, असं जुनी माणसं म्हणाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात मुलांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

२५ ला तो आला नाही. मला वाटलं होतं येईल. २८ तारखेला, हेरोदाने मारलेल्या त्या बाळांचा स्मरणदिन असतो, आम्ही तो कधी पाळत नव्हतो, मुलांनी मागणी केली म्हणून संध्याकाळी छोटी प्रार्थना ठेवली, त्याला आला. त्या वर्षात ज्यांच्या घरी कुणी गेलं त्यांची नावं घेतली. त्याने वडिलांचं नाव स्वतः घेतलं. तेवढंच, बाकी काही बोलला नाही आणि कुणी बोलायला लावलं नाही.

आणि डीजे? तो प्रश्न शेवटी मुलांनीच सोडवला. वर्गणीतला मोठा भाग धान्याच्या पिशव्यांत आणि नाटकात गेला होता, उरलेल्या पैशात छोटे स्पीकर आणून २६ ला संध्याकाळी नाचले, रात्री दहाला बंद, दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे. पंच पण आले होते बघायला. मला मुलांचं नाचणं आवडतं. जन्मोत्सव आहे, नाचायचं नाही तर काय करायचं, फक्त उपासनेच्या वेळी बाहेर साउंड टेस्टिंग नको एवढंच पहिल्यापासून म्हणणं होतं आणि या वेळी ते कुणाला सांगावं लागलं नाही. २५ च्या उपासनेत मागचे बाक शेवटपर्यंत भरलेले होते. मोबाईल होतेच हातात, ते खोटं सांगणार नाही.

पुढचं काय झालं ते थोडक्यात. ६ जानेवारीला मागी लोकांचं वाचन करायला निम्म्याहून थोडी जास्त मुलं आली. ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी एकजण परत आला, एक नाही आला, तो आता गोव्यात कामाला गेलाय. २५ डिसेंबरवाला मुलगा अजून प्रश्न घेऊन येतो, आता वधस्तंभाबद्दलचे. पंच कमिटीने तरुण संघातले दोघं बैठकीला बसू देत असं मान्य केलंय, मत द्यायचा अधिकार अजून नाही, त्यासाठी मी आणि पाळकसाहेब बोलतोय.

चिठ्ठीतल्या त्या प्रश्नावर, माझ्या घरात काय बदललं, मुलांनी स्वतःहून एक संध्याकाळ मागितलीय, पण त्या वेळी आईवडील पण बसले पाहिजेत अशी त्यांची अट आहे. पप्पांचं पिणं, हुंडा, शाळा सोडायला लावणं, हे सगळं त्यात निघणार हे उघड आहे. पाळकसाहेबांनी आधी पालकांची वेगळी बैठक घ्यायचं ठरवलंय, ती अजून व्हायचीय.

कुणाला आपल्या मंडळीत असं काही करायचं असेल तर डिसेंबरची वाट बघू नका, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मुलांना घरी बोलवा. परीक्षांचं वेळापत्रक आधी मागून घ्या, पालकांना तेव्हाच भेटा, मराठी अडखळत असेल तर ऑडिओ आणि कन्नड, इंग्लिश शास्त्रं हाताशी ठेवा, आणि तळावर जायचं असेल तर ज्याच्या रानात मेंढरं बसणार आहेत त्या शेतकऱ्यालाही विचारून ठेवा, कारण धनगर एका जागी फार दिवस थांबत नाहीत.